चार मीटरचा चौकोन

मिलिंद,

रविवारी तुझ्या सोसायटीत शोकसभा झाली. बोरीवलीतल्या त्या क्लबहाऊसची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, हार घातलेला तुझा फोटो. कुठल्यातरी लग्नातला असणार, कारण शर्टला इस्त्री होती. वहिनींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तू त्याच्या कामाबद्दल बोल हं. तो नक्की काय करायचा ते आम्हाला कोणालाच नीट माहीत नाही." माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, घसा बसलाय म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं हिला रडू आवरत नाहीये. वहिनी येऊन पाठीवरून हात फिरवून गेल्या. रडू नव्हतं रे. राग होता. तोंड उघडलं असतं तर तुझ्या फोटोसमोर, तुझ्या बायकोच्या देखत, मी तुला शिव्या घातल्या असत्या.

तू गेलास तेव्हा मात्र मी मनापासून रडले, हेही सांगून ठेवते. सकाळी वहिनींचा फोन आला, "अगं, हा उठतच नाहीये." मी मुलुंडहून गाडी करून घोडबंदर रोडने धडपडत पोचले तोवर तुला खाली आणलं होतं. तेराव्यापर्यंत मी कशावरूनही रडत होते. ऑफिसातला तुझा कान तुटलेला कप दिसला तरी. आता ते रडणं आठवलं की मी मूर्ख बनले असं वाटतं, आणि असं वाटल्याबद्दल पुन्हा वाईट वाटतं. म्हणजे दोन्हीकडून त्रास मलाच.

सभेत काय सांगणार होते मी? हेच, की पाऊस पडला, भरती आली, तर नदीचं पाणी कुठवर चढेल ते आपण कॉम्प्युटरवर काढायचो. अंधेरीतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर बसून. नदीकाठच्या जमिनीचे एकेक मीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची उंची लिहायची, मग त्यात पाणी सोडायचं. हे सगळे आकडे एका मोठ्या तक्त्यात बसतात, त्याला आपण ॲरे म्हणतो. सॉफ्टवेअरला तो अख्खा तक्ता एकाच वेळी मांडायला जागा लागते. मशीनमध्ये तेवढी जागा नसली की लाल अक्षरांत 'आउट ऑफ मेमरी' येतं आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. त्या लाल अक्षरांशी भांडणं हे तुझं अर्धं आयुष्य होतं.

मी नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती एरर आली आणि मी मशीनच्या नावानं बोटं मोडत होते. तू खुर्ची ओढून शेजारी बसलास. "मशीनचं काय चुकलं? तू मागितलंस, त्याच्याकडे नव्हतं. आधी बघ, एवढी जागा मागतंय कोण." मग एक पाठकोरा कागद पुढे केलास. ओळी गुणिले रकाने गुणिले आठ, कारण एक आकडा आठ बाइट खातो. गुणाकार हातानं करायचा, उत्तर मोठ्यानं सांगायचं आणि मगच रन सोडायचा, म्हणजे गणित मशीनवर चालवायचं. कॅल्क्युलेटर घेतला तर तू तो काढून घ्यायचास. ऑफिसात सगळे हसायचे. "मिलिंदची आरती झाली का? मग प्रसाद द्या," म्हणायचे. तू ढिम्म. "हसा लेको. पोटात किती मावतं ते कळल्याशिवाय ताट वाढायचं नाही."

आणि गुणाकार बरोबर येऊनही एरर आली, तेव्हा तूच समजावलंस की तक्त्यात जरासा बदल केला तरी हे सॉफ्टवेअर आतल्या आत त्याची दुसरी प्रत काढून बसतं. "घरी डाळ एका डब्यातून दुसऱ्यात ओततेस ना? तेव्हा दुसरा डबा रिकामा लागतो की नाही? तस्सं." मी इंजिनीअरिंगची चार वर्षं ज्या गोष्टीवर डोकं आपटलं ती तू डाळीच्या डब्यात संपवलीस. तेवढ्यासाठी मी तुझी ऋणी आहे, आणि राहणार. मला तसं राहायचं नाहीये, पण इलाज नाही.

एकदा मुलुंडच्या नाल्याच्या कामात मी म्हटलं होतं, चौकोन जरा मोठे घेऊया ना, एक मीटरऐवजी चार मीटर, तक्ता आपोआप लहान होईल. आठवतंय? सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं केलीस. "चौकोन मोठा केलास की मशीन खूश होईल. पाणी नाही होणार. चार मीटरची सरासरी काढलीस की मधली फट बुजली, भिंत बुजली, नकाशावर सगळं गुळगुळीत. जमिनीशी खोटं बोलायचं नाही." मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. नंतर ते वाक्य मी स्वतःच दुसऱ्यांना ऐकवायला लागले.

आता दहिसर.

दहिसर नदीच्या काठची ती चाळ, तिच्यात आणि नदीच्या जुन्या भिंतीत एक बोळ आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं जावं लागतं इतका अरुंद. उंचीची मापं घ्यायला आपण दोघं गेलो आणि तू त्या बोळात अडकलास. अक्षरशः अडकलास, पोट एका भिंतीला, पाठ दुसऱ्या भिंतीला. मी मापपट्टी टाकून हसत खाली बसले. समोरच्या दारातून परब काकू आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे, वायच श्वास सोड, मगे सुटतलंस." तू त्या अवस्थेत त्यांच्याशी मालवणीत गाव कुठलं, वाडी कुठली सुरू केलंस. निघाल्या तुम्ही शेजारच्या गावच्या. मग त्यांनी तुला हाताला धरून ओढून काढलं आणि आपल्याला चहा आणि खटखटे लाडू दिले. जाताना तू मला म्हणालास, "लिहून ठेव, पाणी इथूनच येणार." ते ठिकाण तुला पाठ होतं रे. तुझ्या शर्टाचं बटण तिथे तुटलं होतं.

पण तो तक्ता काही केल्या मशीनमध्ये मावेना. तू जुने तक्ते पुसलेस, आतल्या प्रती बंद केल्यास, दर मिनिटाचं पाणी साठवण्याऐवजी फक्त सगळ्यात जास्त चढलेलं पाणी ठेवलंस. तरी लाल अक्षरं. मी म्हणत होते, नदीचे तुकडे करूया, एक तुकडा मांडायचा, सोडवायचा, बाजूला ठेवायचा, मग पुढचा. तू ऐकायला तयार नव्हतास. "तुकड्यांच्या सांध्यावर पाणी अडणार. पाण्याला काय माहीत तू कुठे कापलंयस?" मी म्हणायचे तुला नवीन काही करायचंच नाही. तू म्हणायचास तुला नदी म्हणजे पाव वाटतो का. रोज चहाला तेच भांडण. खालच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं.

काम देण्याची तारीख डोक्यावर आली, साहेब दर तासाला येऊन उभे राहायला लागले. आणि एका सकाळी मी आले तर तू पाय पसरून बसलेला. "झालं गं. रन पळाला." मी विचारलं, कसा? तू माझ्याकडे बघून हसलास. "तुझ्या पद्धतीनं. तुकडे करून." साहेबांसमोरही म्हणालास, "आयडिया हिची आहे, मी उगाच अडून बसलो होतो." खालून समोसे मागवलेस. मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते तो माणूस चांगला आहे.

त्यानंतर जो कोणी नवीन आला त्याला मी दहिसरचं उदाहरण देत आले. बघा, एवढा तक्ता, एवढंसं मशीन, पण तुकडे केले आणि बसला. तू शेजारच्या टेबलावर असायचास. एकदाही मान वर केली नाहीस. मला वाटायचं हा लाजतोय.

नकाशा घेऊन चाळीत गेलो तेव्हा गणपतीच्या मांडवाच्या शेडमध्ये सगळे जमले होते. बोलायचं काम माझं, प्रोजेक्टर धरायचं तुझं. नकाशात पाणी बोळाच्या तोंडाशी थांबलेलं होतं. परब काकूंनी विचारलं, "म्हणजे आमच्या घरात येवचा नाय?" मी म्हटलं, नाही काकू, नाही येणार. मी तुझ्याकडे बघितलंही, कारण तूच म्हणाला होतास पाणी इथून येणार म्हणून. तू म्हणालास, "गणित करून बघितलं, काकी. आम्हीच घाबरलो होतो." त्या नकाशावरून नदीची नवी भिंत चाळीच्या अलीकडेच थांबवायचं ठरलं. पाऊस जवळ आला की चाळीतली माणसं सामान वरच्या मजल्यावर हलवायची, ते त्यांनी बंद केलं. त्यानंतरच्या पावसाळ्यांत पाणी तेवढं चढलं नाही, हे त्यांचं नशीब. ह्यात तुझा काही पराक्रम नाही.

तुझं तेरावं झालं आणि ऑफिसात नवीन मशीन आलं. तू ज्याच्यासाठी साहेबांच्या मागे लागला होतास तेच. भरपूर जागा. साहेब म्हणाले, पुलाच्या कामासाठी दहिसर पुन्हा सोडायचंय. मी ठरवलं, आता तुकड्यांची गरजच नाही, अख्खी नदी एकदम मांडू, मिलिंदला आवडलं असतं. ह्यात तुझी आठवण काढण्यापलीकडे काही नव्हतं, खरंच. कागद घेतला, गुणाकार केला, रिकाम्या खोलीत उत्तर मोठ्यानं सांगितलं. मशीनची बरीचशी जागा भरायला हवी होती. मग तुकडे बंद करायला तुझ्या कोडमध्ये ती ओळ शोधायला लागले. तुकड्यांचा भाग होता. वर माझं नावही लिहिलेलं होतं. पण तो अर्धाच होता, आणि बाकीच्या कोडमधून त्याला कुठूनच बोलावलेलं नव्हतं, म्हणजे तो कधी चाललाच नव्हता. मी आहे तसा रन सोडला. जागा अगदी थोडीशीच भरली. गुणाकार आणि मशीन ह्यांचा काही मेळच लागेना.

तूच शिकवलंस ना, बघ, मागतंय कोण. मी बघितलं. तक्ता सोळा पट लहान होता. पाणी सोडण्याच्या आधी एक ओळ होती, चार चार मीटरचे चौकोन करून सरासरी काढणारी. शेजारी तुझ्या त्या इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहिलेलं, 'तात्पुरतं, नंतर काढणे'. तुझा बोळ त्या सरासरीत भिंतीएवढा उंच झाला होता.

ही एक ओळ मी माफ केली असती, मिलिंद. माणूस घाईत करतो, साहेब डोक्यावर असतात, तात्पुरतं म्हणून करतो आणि राहून जातं. पण शेवटी आणखी एक ओळ होती. आलेलं उत्तर पुन्हा फोडून एकेक मीटरचे चौकोन करणारी. त्यानं पाण्याच्या उत्तरात काडीचा फरक पडत नव्हता. ती फक्त नकाशासाठी होती. नकाशे मी करायचे. चार मीटरचे चौकोन दिसले असते तर मी त्याच क्षणी ओरडले असते, म्हणून तू ते झाकलेस. पहिली ओळ तू मशीनला फसवायला लिहिलीस आणि दुसरी मला.

आणि वर समोसे. वर 'आयडिया हिची'. मला खरं काय बोचतं सांगू? खोटं बोलायचंच होतं तर नुसतं "झालं" म्हणायचं होतंस. मी फार विचारलं नसतं. पण तुला माहीत होतं की माझी पद्धत चालली असं सांगितलं की मी हुरळून जाईन आणि तपासणार नाही. माझा आनंद तू कुलपासारखा वापरलास. त्या दिवशी मी गुणाकार केला नाही म्हणून आता स्वतःला दोष द्यायचा, असं मन सारखं म्हणतं. मी देणार नाही. तो दोष तुझा आहे, तुझ्याकडेच ठेव.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "हे बघ, आता तो नाही. वहिनी आहेत, मुलगी आहे. नवा नकाशा पाठवू, खाली लिहू की आधीच्या सॉफ्टवेअरला मेमरीची अडचण होती. खोटं तर नाही ना?" ते खरंच खोटं नव्हतं. एरर आली होती. फक्त एरर खरं बोलत होती आणि तू नाही.

नवा रन मी नव्या मशीनवर अख्ख्या तक्त्यानं केला, पाणी बोळातून आत आलं, चाळीच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर. एवढं पुरे होतं. पण मी हट्टानं तुझ्या जुन्या मशीनवरही बसले. तो अर्धा सोडलेला तुकड्यांचा भाग पुरा करायला. आणि काय झालं माहितीये? सांध्यावर पाणी अडलं. तू म्हणाला होतास तस्संच, कापलेल्या रेघेवर भिंत घातल्यासारखं उभं राहिलं. मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, "हो रे बाबा, तुझं बरोबर होतं." मग प्रत्येक तुकड्याला शेजारच्या तुकड्याची थोडी पट्टी जोडून दिली, तेवढी जमीन दोन्हीकडे मोजली जाईल अशी, आणि गणिताच्या दर पायरीला दोघांना एकमेकांचं पाणी विचारायला लावलं. रन कासवाच्या चालीनं चालला, पण चालला. उत्तर नव्या मशीनशी जुळलं. म्हणजे होत होतं, मिलिंद. तुझा आक्षेप आणि माझी पद्धत एकत्र बसवली असती तर त्याच मशीनवर झालं असतं. तारीख चुकली असती, साहेब ओरडले असते, बस. तू मला एवढंच म्हणायला हवं होतंस, की अडकलोय गं, बस जरा शेजारी. बोळात अडकलास तेव्हा हात पुढे केला होतास ना.

परवा मी दहिसरला गेले. साहेबांना न विचारता. ऊन मी म्हणत होतं, परब काकू दारात बसून कोकमं निवडत होत्या. पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, "माझो भाव गेल्यासारख्या झाला गो." मी म्हटलं, काकू, तो नकाशा चुकला होता. पाणी घरात येणार. मोठा पाऊस आणि भरती एकदम आली तर नक्की येणार.

काकूंचे हात थांबलेच नाहीत. "ता माका ठावक आसा."

"म्हणजे?"

"तो इल्लो मा. गेल्या पावसाच्या आधी. एकटोच इल्लो. माका म्हणालो, काकी, तांदूळ आणि कागदपत्रां माळ्यार ठेव, आणि जोराचो पाऊस लागलो तर लेकीकडे जा. मी म्हटलंय, तुमीच तर सांगितलात येवचा नाय म्हणान. तर म्हणालो, तरी ठेव. कोणाक सांगा नको." त्यांनी वर बोट दाखवलं. माळ्यावर पत्र्याची पेटी होती, तांदळाची कोठी होती, वर नीट प्लास्टिक घातलेलं.

म्हणजे तुला आठवण होती. विसरला नव्हतास, राहून गेलं नव्हतं. बोरीवलीहून उठून तू इथे आलास, गाववाल्या बाईच्या तांदळाची सोय लावलीस आणि परत येऊन माझ्या शेजारच्या टेबलावर बसलास. मी नवीन मुलांना दहिसरचं उदाहरण देत होते तेव्हा. एका घराला सांगितलंस. बाकीच्यांना नाही, आणि मला नाही. इतका वेळ वाटत होतं की कुठेतरी तुझी बाजू सापडेल. सापडली, आणि ती तुझ्या खोटेपणापेक्षा वाईट निघाली.

काकूंनी विचारलं, "लाडू खातंस?" मी नको म्हटलं आणि उठले. "काकू, शेजारी कोण राहतं?"

"सावंत. पण ती आता निजली आसतली."

मी कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. झोपेतून उठलेली बाई, खांद्यावर पोर, मागे जमिनीवर पसरलेलं अंथरूण, त्याला टेकून गव्हाचं पोतं. मी म्हटलं, "ताई, तुमच्या घरात पाणी येणार नाही असं आम्ही सांगितलं होतं. ते चूक होतं. पाणी येणार आहे. पावसाच्या आधी सामान वर घ्या." तिनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "येणार नाही म्हणून कोणी काढलं होतं मग?"

परब काकू त्यांच्या दारातून बघत होत्या. मी तुझं नाव सांगितलं, मिलिंद. आडनावासकट.